भूकंपात बुडालेली गावं वाचवायची म्हणजे नेमकं काय वाचवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. चीनच्या हाइनान बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर १६०५च्या भूकंपात समुद्राखाली गेलेल्या गावांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. ओहोटीला चिखलात दळायची जाती, थडगी, घडीव दगड उघडे पडतात, लोक त्यांवरून चालतात, त्यांवरची कालवं (ऑयस्टर) काढतात. तुम्ही विचारता की हे सगळं असं उघड्यावर का पडू दिलंय? दगड उचलून संग्रहालयात का ठेवत नाहीत? किंवा यांगत्से नदीच्या तळाशी बांधलंय तसं पाण्याखालचं संग्रहालय इथे का नाही? आणि शेवटी, तुमच्या हातात असतं तर तुम्ही काय केलं असतं?

आधी एक सांगून टाकतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले आणि उथळ पाण्यातले अवशेष टिकवणं हा माझा व्यवसाय आहे, पण ही गावं जिथे बुडाली त्या दोंगझायच्या खाडीत मी स्वतः काम केलेलं नाही. त्या जागेबद्दल जे प्रसिद्ध झालंय ते आणि अशा इतर जागांवरच्या चिखलात गुडघाभर उभं राहून जे कळतं ते, एवढ्या भांडवलावर लिहितोय. काही ठिकाणी मी 'हे अवलंबून आहे' असं म्हणेन. ती टाळाटाळ समजू नका, या कामात बरंच काही खरोखरच अवलंबून असतं.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरली आहे: अवशेष म्हणजे दगड. माझ्या दृष्टीने दगड ही त्या जागेवरची सगळ्यात कमी काळजीची वस्तू आहे. उत्तर हाइनान हा ज्वालामुखीचा प्रदेश, तिथली जुनी घरं, कुंपणं, जाती, उखळं बेसॉल्टची. असा दगड चारशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहिला, अजून कितीतरी राहील. धोक्यात आहे ती त्या दगडांची मांडणी, म्हणजे कुठलं जोतं कुठल्या वाटेला लागून होतं, विहीर घरांच्या कुठल्या बाजूला होती, थडगी वस्तीपासून किती लांब होती. आणि ती मांडणी ज्याने धरून ठेवलीय तो गाळ धोक्यात आहे. गाळ राहिला तर गाव राहील. गाळ गेला तर दगड जागेवर दिसत राहतील आणि गाव मात्र संपलेलं असेल. बाकीचं सगळं उत्तर या एका मुद्द्याचा विस्तार आहे.

आता त्या रात्री काय झालं ते बघू, कारण बुडण्याची रीत कळल्याशिवाय वाचवण्याची रीत ठरत नाही. १३ जुलै १६०५, मिंग सम्राट वानलीच्या कारकिर्दीचं ३३वं वर्ष. उत्तर हाइनानमधल्या छ्योंगशान परगण्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये जी नोंद आहे तिचा आशय असा: रात्री ईशान्येकडून मेघगर्जनेसारखा आवाज झाला, सरकारी कचेऱ्या आणि घरं जवळपास सगळी पडली, शहरात हजारोंच्या संख्येने माणसं चिरडून मेली, जमीन फाटून पाणी आणि वाळू वर उसळली, आणि काही भागातली शेतं समुद्र झाली. आजचे भूकंपतज्ज्ञ या भूकंपाची तीव्रता ७.५ धरतात. शंभराहून जास्त चौरस किलोमीटर जमीन खचली. बहुतेक ठिकाणी खचण्याचं माप ३-४ मीटरचं, काही ठिकाणी १०च्या आसपास गेलं असं सांगतात. आज जिथे दोंगझायची खाडी आणि फूछ्येनचा उपसागर आहे तो हा भाग, हाइकौ आणि वेनछांग या शहरांच्या मधला.

बुडालेली गावं ७२ असं परंपरा सांगते. या आकड्यावर मी फार भार टाकणार नाही. चिनी कथांमध्ये ३६, ७२, १०८ हे आकडे 'पुष्कळ' या अर्थानेही येतात. आपल्या कामासाठी गावं ६० होती की ८० यापेक्षा त्यातली किती आज जागेवर ओळखता येतात हे महत्त्वाचं.

त्या नोंदीतलं 'पाणी आणि वाळू उसळली' हे माझ्यासारख्याला बाकी सगळ्यापेक्षा बोलकं वाटतं. पाण्याने भिजलेली सैल वाळू हादऱ्यांनी आपला आधार सोडते आणि काही वेळ पातळ द्रवासारखी वागते. अशा जमिनीत जड वस्तू खाली जातात, कलंडतात, एकमेकींवर सरकतात. म्हणजे चिखलात अर्धं रुतलेलं जातं ज्या पातळीवर आज दिसतं ती घराच्या जमिनीची पातळी असेलच असं नाही. शिवाय घरं आधी हादऱ्याने पडली, मग जमीन खचली, मग समुद्र आत आला, आणि नंतरच्या चारशे वर्षांतल्या वादळांनी वरचं सामान हलवलं. व्हिडिओवाले दाखवतात तसं 'पाण्याखाली उभं असलेलं गाव' तिथे शोधू नये. तिथे आहे तो पडलेल्या गावाचा तळ.

तुलनेला जमैकातलं पोर्ट रॉयल घ्या. ७ जून १६९२ला भूकंप झाला आणि वाळूच्या दांड्यावर वसलेल्या त्या बंदराचा मोठा भाग काही मिनिटांत खाली गेला. तिथे विटांच्या इमारती होत्या, दाट वस्ती होती, आणि बरंचसं पटकन गाळाखाली झाकलं गेलं. त्यामुळे १९८०च्या दशकातल्या उत्खननात घरांच्या भिंती, फरशा आणि आतलं सामान एकत्र सापडलं. हाइनानमध्ये शेतकऱ्यांची, कोळ्यांची विखुरलेली खेडी होती, त्यातलं लाकूड आणि माती गेली आणि दगड उरला. दोन्ही भूकंपात बुडालेल्या वस्त्याच, तरी एकीची पद्धत दुसरीला जशीच्या तशी लागू पडत नाही.

इथे पहिलं 'अवलंबून आहे' येतं. त्या परिसरातले अवशेष एका प्रकारच्या परिस्थितीत नाहीत. काही कायम पाण्याखाली आहेत. काही दर ओहोटीला किंवा फक्त उधाणाच्या मोठ्या ओहोटीला उघडे पडतात. आणि काही खारफुटीच्या मुळांखाली, गाळात आहेत, ते कुणाला दिसतच नाहीत. यातले मधले प्रसिद्ध आहेत आणि सगळ्यात जास्त त्रासात आहेत. तिसरे सगळ्यात मौल्यवान असण्याची शक्यता आहे.

मधल्या प्रकाराकडे जरा जवळून बघू. समजा एक दगडी जातं चिखलात आहे, निम्मं वर, निम्मं आत. ओहोटीला तुम्ही त्याच्याजवळ गेलात तर आधी त्याच्या भोवतीचा खळगा बघा. पाण्याचा प्रवाह दगडाला अडतो, दोन्ही बाजूंनी जोरात वळतो आणि बुडाशी घोड्याच्या नालेसारखा खळगा कोरतो. खळगा उथळ आणि मऊ कडांचा असेल, त्यात बारीक गाळ साचलेला असेल, तर जागा साधारण स्थिर आहे. कडा तुटक असतील, तळाशी शिंपल्यांचा चुरा आणि खडे दिसत असतील, तर बारीक गाळ वाहून चाललाय. मग दगडाच्या अंगावरची कालवं आणि बार्नॅकल (दगडाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) बघा. ते बुडापर्यंत असतील तर दगड बऱ्याच काळापासून असाच उघडा आहे. वर दाट कालवं आणि खाली चार बोटं किंवा वीतभर स्वच्छ, काळपट पट्टा असेल तर तेवढा गाळ अलीकडेच उतरलाय, जीवांना अजून तिथे बसायला वेळ मिळालेला नाही. हा पट्टा मला कुठल्याही अहवालापेक्षा लवकर सांगतो की या जागेवर आधी कुठे धावायचं. पट्टीने मोजा, फोटो काढा, पुढच्या हंगामात परत मोजा. यंत्र लागत नाही.

त्याच जात्याच्या बाजूला बोटभर खोल उकरलंत तर वरचा तपकिरी थर संपून काळा गाळ लागतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. (पण उकरू नका, परवानगीशिवाय उकरणं हाच गुन्हा असतो. मी फक्त काय दिसतं ते सांगतोय.) त्या काळ्या थरात प्राणवायू जवळजवळ नसतो. लाकूड पोखरणारे शिपवर्म तिथे जगत नाहीत, कुजवणारी बुरशी तिथे वाढत नाही. १६०५ मधला लाकडी खांब, टोपली, दोरी, भाताचे दाणे कुठे उरले असतील तर अशाच थरात. म्हणून मी म्हटलं की न दिसणारे अवशेष जास्त मौल्यवान असू शकतात. वरचं जातं आपल्याला 'इथे धान्य दळत होते' एवढंच सांगतं. खालचा काळा गाळ ते काय दळत होते हे सांगू शकेल.

आता तुमचा पहिला पर्याय, उचलून नेणं. दगड उचलला की पहिलं जातं ते त्याचं ठिकाण, आणि गावाच्या नकाशातून तो बिंदू कायमचा पुसला जातो. दुसरी अडचण मिठाची. खाऱ्या पाण्यात शतकानुशतकं राहिलेल्या सच्छिद्र बेसॉल्टच्या आत क्षार मुरलेले असतात. ओला असेपर्यंत काही होत नाही. वाळला की आतले क्षार स्फटिक होतात, फुगतात, आणि पृष्ठभाग पापुद्र्याने सुटायला लागतो. म्हणून बाहेर काढलेली प्रत्येक वस्तू गोड्या पाण्याच्या टाकीत ठेवायची, पाणी बदलत राहायचं, पाण्यातलं क्षाराचं प्रमाण मोजत राहायचं, ते खाली येईपर्यंत. छोट्या मडक्याला महिने लागतात, मोठ्या दगडाला वर्षं. लोखंडाचं आणि लाकडाचं तर याहून अवघड. टाक्या, पाणी, माणूस आणि वीज यांची बरीच वर्षांची तरतूद नसेल तर उचलणं म्हणजे वस्तू किनाऱ्यावर आणून सावकाश मारणं. अशी कुलूपबंद गोदामं मी पाहिली आहेत, ज्यांत चिठ्ठ्या गळून पडलेल्या वस्तूंचे ढीग आहेत. कुठल्या जागेची कुठली वस्तू ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.

मग कधीच उचलायचं नाही का? तसंही नाही. एखादा कोरलेला लेख असलेला दगड प्रवाहात लोळायला लागला असेल, एखादा रांजण खळग्यामुळे पूर्ण उघडा पडला असेल आणि पुढच्या तुफानात फुटणार हे दिसत असेल, तर नोंद करून उचलावाच. युनेस्कोचा २००१चा पाण्याखालच्या वारशाबद्दलचा करार जागेवर जतन हा पहिला विचारात घ्यायचा पर्याय मानतो, एकमेव नाही. चीन त्या कराराचा सदस्य नाही, तरी या क्षेत्रातले लोक सगळीकडे साधारण त्याच क्रमाने विचार करतात. त्याच कराराच्या नियमांमध्ये मानवी अवशेष आणि पूज्य स्थळं विनाकारण हलवू नयेत असंही आहे. दोंगझायच्या पट्ट्यात दिसणाऱ्या गोष्टींत थडगी ठळक आहेत, म्हणून हे लक्षात ठेवायला हवं.

दुसरा पर्याय, पाण्याखालचं संग्रहालय. तुम्ही ज्याबद्दल बोलताय ते छोंगछिंगजवळच्या फूलिंगचं बायहेलियांग. यांगत्सेच्या पात्रात दगडाचा एक लांबट कणा होता. त्यावर थांग काळापासून, म्हणजे साधारण १२०० वर्षांपासून, नदीच्या नीचांकी पाण्याच्या नोंदी आणि मासे कोरलेले होते. थ्री गॉर्जेस धरणामुळे तो कायमचा बुडणार होता. तेव्हा त्याच्या लेखांनी भरलेल्या भागावर काँक्रीटचं कवच बांधलं, आत गाळलेलं पाणी भरून आतला आणि बाहेरचा दाब सारखा ठेवला, आणि बघायला तळाशी जाणारे बोगदे केले. २००९ला ते उघडलं. अभियांत्रिकीचा तो सुंदर नमुना आहे. पण तिथे काय काय अनुकूल होतं ते बघा. अवशेष एकाच अखंड खडकावर, महत्त्वाचा भाग थोडक्या लांबीत, खाली घट्ट तळ, आणि मोठ्या धरणाच्या खर्चात हा खर्च सामावलेला. दोंगझायला अवशेष कित्येक चौरस किलोमीटरवर पसरलेले, तळ मऊ गाळाचा, पाणी गढूळ, प्रदेश भूकंपाचा आणि वर दरवर्षी तुफानांचा मार्ग. शिवाय तिथे काँक्रीटचे खांब रोवायचे म्हणजे ज्या गाळाला वाचवायचं त्यालाच भोसकायचं आणि प्रवाहाची दिशा बदलून शेजारच्या दहा जागा उघड्या पाडायच्या. बांध घालून पाणी उपसून गाव कोरडं करणं तर त्याहून वाईट. काळा गाळ एकदा हवेला उघडा पडला की चारशे वर्षं थांबलेली कुजण्याची क्रिया सुरू होते.

तर मग गाळ राखायचा कसा? यातला मोठा भाग अवशेषांच्या जागेवर नसतोच, तो आजूबाजूला असतो. खाडीत येणारा गाळ नद्या-ओढ्यांतून येतो आणि जाणारा गाळ प्रवाह, लाटा, रेती उपसा, बोटींच्या वाटेसाठी केलेलं खोलीकरण यांच्यामुळे जातो. कोळंबीची तळी बांधण्यासाठी किनारा कापला की त्याचा हिशोब बदलतो. त्यामुळे माझी पहिली मागणी पुरातत्त्व खात्याकडे नसते. ती बंदर आणि जलव्यवस्थापन बघणाऱ्यांकडे असते: उपशाचे आणि खोलीकरणाचे नकाशे दाखवा. २०१९ला याच उपसागरावरून हाइकौ-वेनछांग जोडणारा हाइवेन पूल सुरू झाला, तोही १६०५च्या भूकंपाशी संबंधित भेगांच्या पट्ट्यातून जाणारा. पूल वाईट असं म्हणत नाही, पण इतके खांब पाण्यात उभे राहिल्यावर प्रवाह पूर्वीसारखा राहत नाही. अशा बांधकामाच्या आधीचा आणि नंतरचा तळाचा नकाशा शेजारी ठेवून बघायला हवा. चीनच्या पाण्याखालच्या सांस्कृतिक अवशेषांच्या नियमावलीत, जी १९८९ची आहे आणि २०२२ला नव्याने आली, मोठ्या बांधकामाआधी पुरातत्त्वीय पाहणी करून घेण्याची तरतूद आहे, आणि घोषित संरक्षित क्षेत्रात अवशेषांना धोका होईल अशी मासेमारी, स्फोट यांवर बंदीचीही. म्हणजे कागदावर साधन आहे. ते वापरायचं तर आधी 'अवशेष नेमके कुठे' हे रेषा आखून सांगता यायला हवं, आणि गाडी सगळीकडे तिथेच अडते.

जागेवरच्या गाळासाठी झाकणं हा उपाय आहे. खळगा पडलेल्या ठिकाणी जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण गाळ धरणारं कृत्रिम कापड अंथरायचं, त्यावर त्याच जागेच्या कणांशी जुळणारी वाळू किंवा गाळ, कडांना पोती. इटलीत नेपल्सजवळच्या बाया इथे समुद्राखालचे मोझेक अशा तऱ्हेने झाकून ठेवतात. तिथली जमीन एका रात्रीत नाही तर ज्वालामुखी भागाच्या सावकाश खाली जाण्याने बुडाली, पण झाकण्याचं तंत्र तेच. माझा अनुभव असा की संथ, उथळ पाण्यात हे छान चालतं आणि लाटांच्या पट्ट्यात फसतं. कापडाची एक कड सुटली की ते शिडासारखं फडफडतं आणि खालचा गाळ आणखी जोराने उपसतं. म्हणून दोंगझायसारख्या ठिकाणी मी ते मोजक्या, आडोशाच्या जागीच वापरेन, आणि शेजारी लाकडाचे नमुना ठोकळे पुरून ठेवेन. दर थोड्या काळाने एक ठोकळा काढून बघायचा. तो पोखरला गेला असेल तर झाकण काम करत नाहीये.

खारफुटीबद्दल मला वाटतं लोक थोडी घाई करतात. दोंगझाय हे चीनमधलं खारफुटीचं पहिलं राखीव क्षेत्र, १९८०चं, १९८६ला राष्ट्रीय दर्जा मिळालेलं आणि १९९२पासून रामसर यादीतलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं. खारफुटी लाटा मोडते, गाळ धरते, लोकांचा राबता कमी करते. बुडालेल्या गावाला याहून चांगला पहारेकरी मिळणार नाही. पण 'मग सगळीकडे लावा खारफुटी' असं म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. मुळं जोत्यांच्या सांध्यांत शिरतात, खेकड्यांची बिळं थर ढवळतात आणि प्राणवायू खाली नेतात. जिथे जंगल आधीपासून आहे तिथे ते राखावं. जिथे मोकळ्या चिखलात अवशेष आहेत तिथे लागवड करण्याआधी तपासून घ्यावं. त्यातही जात महत्त्वाची. बांगलादेशातून १९८५ला तिथे आणलेली सोनेरेशिया अपेटाला, आपल्याकडच्या पांढऱ्या चिपीची भावकी, झपाट्याने वाढते, आणि लागवडवाल्यांना झपाटाच हवा असतो. अवशेषांवर मी ती लावू देणार नाही. आणखी एक गोष्ट: याच खाडीत स्फेरोमा नावाच्या, लाकडात बिळं करणाऱ्या छोट्या जीवाचा उद्रेक होऊन खारफुटीचे मोठे पट्टे मेले होते. झाडं मेली की मुळांनी धरलेला गाळ सुटतो, आणि उघड्या पडलेल्या जुन्या लाकडालाही असले पोखरणारे जीव सोडत नाहीत. म्हणजे वनखात्याचं दुखणं आणि पुरातत्त्वाचं दुखणं तिथे एकच आहे. प्रत्यक्षात दोघांच्या फायली वेगळ्या, बैठका वेगळ्या, आणि एकाने खुणेचे खांब रोवले की दुसऱ्याला ते अतिक्रमण वाटतं.

माणसांकडे येतो. कालवं काढणारा लोखंडी हत्याराने दगडावर घाव घालतो तेव्हा कालवाबरोबर दगडाचा टवका जातो, हे खरं आहे. पण त्या बायाबापड्यांना चोर ठरवून हाकलणं ही मला सगळ्यात महाग चूक वाटते. कुठला दगड कधी वर आला, कुठे पाय जास्त रुततो, गेल्या वादळानंतर कुठली वाट बदलली, हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं ध्वनिलहरींनी तळ बघणाऱ्या कुठल्याही सोनार पाहणीला कळत नाही. त्या भागात घराण्यांच्या वंशावळ्या जपायची जुनी रीत आहे, थडगी कुणाच्या तरी पूर्वजांची आहेत. त्यांच्याशी बसून ठरवावं: या या जागांवरची कालवं काढायची नाहीत, त्या बदल्यात पलीकडच्या पट्ट्यात मुभा, आणि काही नवीन दिसलं तर कळवल्याबद्दल मोबदला आणि नावाने नोंद. बंदी लागतेच तिथे लावावी. तुर्कस्तानात केकोवाला, दुसऱ्या शतकातल्या भूकंपाने खचलेल्या प्राचीन लिकियन लोकांच्या वस्तीवर, पाण्यात उतरून डुंबायला मनाई आहे. बोटीतून वरून बघायचं. स्वच्छ पाणी आणि एक लांबट किनारा असल्यामुळे तिथे ते जमतं. ग्रीसच्या पाव्लोपेत्रीला, ३-४ मीटर पाण्याखालच्या कांस्ययुगीन वसाहतीत, मोठ्या जहाजांचे ओढले जाणारे नांगर हा त्रास होता. तिथे कडेने बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, लावून हद्द दाखवावी लागली. हाइनानच्या गढूळ, चिखलाच्या पट्ट्यात बोयांपेक्षा ओळखीचा माणूस जास्त उपयोगी.

माझ्या हातात असतं तर, आणि पैसा नेहमीसारखाच अपुरा असता तर, मी क्रम असा लावला असता. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीच्या दिवसांत ड्रोनने उघड्या पट्ट्याचे फोटो, पक्क्या खुणांना बांधून, म्हणजे पुढच्या वर्षीचे फोटो त्यावर बरोबर बसतील. कायम पाण्याखालच्या भागात कॅमेरा निरुपयोगी, तिथे ध्वनिलहरींनी तळाचं चित्र काढणारं साइड स्कॅन सोनार, आणि गाळाखाली काय आहे ते बघायला सब-बॉटम प्रोफायलर हे तसंच यंत्र. सोबत जुन्या नोंदी आणि वंशावळ्यांतली गावांची नावं नकाशावर बसवणं. एवढ्याने हद्दीची रेषा आखता येते आणि कायद्याला पकड मिळते. मग तुफानाच्या हंगामाआधी आणि नंतर ठरलेल्या थोड्या जागांवर गाळाची उंची मोजायची. जुलै २०१४चं रम्मासून आणि सप्टेंबर २०२४चं यागी ही दोन्ही महातुफानं वेनछांगलाच धडकली, म्हणजे हा हंगाम तिथे कागदावरचा धोका नाही. आधीचं मोजमाप नसेल तर अशा तुफानाने काय नेलं हे कुणालाच सांगता येत नाही. झाकणं, उचलणं, फलक लावणं हे सगळं त्यानंतर, आणि फक्त मोजमापात जिथे घट दिसते तिथे. उत्खनन मी सगळ्यात शेवटी ठेवेन, एखादाच छोटा खड्डा, काळा थर खरोखर आहे का आणि किती जाड हे कळण्यापुरता, आणि त्याच्या नमुन्यांची प्रयोगशाळा आधी ठरवून.

समुद्राची पातळी वाढतेय त्याचं काय, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. आज ओहोटीला उघडे पडणारे दगड उद्या कायम पाण्याखाली गेले तर वाळणं-भिजणं थांबेल, ते दगडाला बरंच. पण लाटांचा मारा किनाऱ्याकडे सरकेल आणि आज खारफुटीच्या आत सुरक्षित असलेला गाळ त्या माऱ्यात येईल. खारफुटीला मागे सरकायला जागा असेल तर ती गाळ घेऊन सरकते. मागे पक्का बांध किंवा रस्ता असेल तर मधल्यामध्ये संपते. म्हणून त्या खाडीच्या मागची मोकळी जमीन हीसुद्धा माझ्या यादीत आहे, जरी तिच्यावर एकही जुना दगड नसला तरी.

तुम्ही तिकडे जायचं म्हणताय म्हणून शेवटचं. राखीव क्षेत्राच्या परवानगीने आणि स्थानिक माणसाबरोबरच चिखलात उतरा, भरती परतायला लागली की पाय काढायला वेळ लागतो. काही उचलू नका, 'नीट दिसावं' म्हणून कालवं खरवडू नका, दगड सरळ करून फोटो काढू नका. वर सांगितलेला स्वच्छ पट्टा कुठे दिसला तर शेजारी पट्टी धरून फोटो घ्या, तारीख आणि ओहोटीची वेळ लिहा, आणि ठिकाणासकट हाइकौ किंवा वेनछांगच्या सांस्कृतिक वारसा कचेरीत द्या. समाजमाध्यमांवर तोच फोटो टाकायचा तर लोकेशन काढून टाका.